विमानतळावरच्या एक्स-रे मशीनने कॅमेरा आणि रोल खराब होतात का?

मृदगंध
मंडळी, पुढच्या महिन्यात मुलीकडे नेदरलँड्सला जायचंय. मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम थेट विमान आहे. सोबत दोन कॅमेरे. एक साधा डिजिटल आणि दुसरा बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५. तो मागच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आला आणि आता मला त्याचा नाद लागलाय. त्याच्यासाठी कोडॅक गोल्ड २०० चे रोल घेऊन ठेवलेत, एक इलफर्डचा एचपी५ पण आहे.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो की एक्स-रेतून गेल्यावर डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर हळूहळू मरतो, त्यामुळे तोसुद्धा मशीनमध्ये घालायचा नाही. दीर म्हणतात, रोललाही काही होत नाही, ते आखातात नोकरीला असताना रोल घेऊन ये-जा करायचे, एकही फोटो बिघडला नाही. खरं काय? आणि रोल सरळ चेक-इन बॅगेत टाकले तर तपासणीच्या रांगेतली हुज्जत वाचेल का?

टवाळखोर
नवऱ्याला मशीनमधून पाठवा, कॅमेरा बाजूने न्या. प्रश्न मिटला.

रोल_३६
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. चेक-इन बॅगेत रोल अजिबात टाकू नका. एकही नाही, १०० आयएसओचासुद्धा नाही (आयएसओ किंवा स्पीड म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा).

खाली जाणाऱ्या सामानाची मशीन वेगळी असतात. १९९४ मध्ये अमेरिकेत सीटीएक्स ५००० नावाच्या मशीनला मान्यता मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत ती जातकुळी पसरली. हे मशीन आधी बॅगेवरून साधी नजर फिरवतं आणि कुठे संशय आला की तेवढ्याच भागावर जोरदार किरणांची अरुंद शलाका टाकतं. ती शलाका रोलवर पडली की फिल्मवर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रुंदीचा पट्टा उठतो. रोल गुंडाळलेला असतो ना, त्यामुळे उलगडल्यावर तो पट्टा पुन्हा पुन्हा येतो, कधी लाटेसारखा वळणं घेत. एकदा उठला की कुठल्याही लॅबला तो काढता येत नाही.

दीरांचंही खोटं नाही. त्यांच्या काळात रोल हातातल्या बॅगेत असणार आणि तिथलं जुनं सरकत्या पट्ट्याचं मशीन १००-२०० च्या रोलला खरोखरच फारसं काही करत नाही. तेव्हाचा अनुभव आजच्या मशीनला लावू नका, एवढंच.

निवृत्त_मास्तर
आमच्या वेळी क्लिक थ्री होता. बारा फोटो निघायचे, त्यातल्या चारांत सगळ्यांचे डोळे मिटलेले. विमानतळ आम्ही फक्त बाहेरून पाहिला होता, त्यामुळे एक्स-रेचा त्रास नाही.

मृदगंध
@रोल_३६, बाप रे. बरं झालं विचारलं. मग हातातल्या बॅगेत ठेवले की चिंता नाही ना?

आल्प्सवाला
थांबा ताई, इथेच खरी गोम आहे. तुम्ही अ‍ॅमस्टरडॅमला जाताय आणि तिथल्या स्किफोल विमानतळावर हातातल्या सामानासाठीही आता सीटी स्कॅनरच आहेत. म्हणजे रोल_३६ यांनी चेक-इनबद्दल जे सांगितलं त्याचं चुलत भावंड हातातल्या बॅगेला भेटणार. जाताना नव्हे, परत येताना, म्हणजे नेमके सगळे फोटो काढून झालेले असताना.

जुनं मशीन एका किंवा दोन बाजूंनी बॅगेचं सपाट चित्र काढतं. सीटी मशीनमध्ये किरणांचा उगम बॅगेभोवती फिरतो, शेकडो कोनांतून चित्रं घेतो आणि संगणक त्यातून त्रिमिती आकृती बांधतो. त्यामुळे डोस वाढतो. कोडॅक आणि इलफर्ड दोघेही सांगतात की या मशीनमधून कुठल्याच स्पीडची न धुतलेली फिल्म नेऊ नका. '८०० च्या खाली असेल तर चालतं' हा नियम फक्त जुन्या मशीनचा.

ओळखायचं कसं? जुनं मशीन म्हणजे पेटीला पेटी लावल्यासारखं, दोन्ही टोकांना रबरी झालर. सीटी मशीन गोलसर, पोट सुटलेलं, बहुधा पांढरं, आणि ट्रे आपोआप सरकत आत जातात. आणखी सोपी खूण म्हणजे कर्मचारी 'लॅपटॉप बाहेर काढू नका, पाण्याची बाटली असू द्या' म्हणाले की सीटी आहे असंच धरून चाला. उलटं मात्र खरं नाही. युरोपात १ सप्टेंबर २०२४ ला १०० मिलिलिटरचा नियम या मशीनवरही परत आणला होता, पुढे काही ठिकाणीच तो सैल झाला, त्यामुळे बाटली काढायला लावली म्हणजे जुनंच मशीन असेल असं समजू नका.

इंद्रायणी
आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी लॅपटॉप, चार्जर, कॅमेरा सगळा संसार ट्रेमध्ये मांडायला लावतात. म्हणजे तिथे जुनीच मशीन, असं समजायचं का?

आल्प्सवाला
बहुतेक वेळा हो. पण आपल्या मोठ्या विमानतळांवरही सीटी आणण्याचं घाटतंय, त्यामुळे मागच्या वेळी जुनं होतं म्हणून यावेळीही तेच असेल, या भरवशावर राहू नका. प्रत्येक वेळी समोरचं मशीन बघायचं.

धूमकेतू_२
हे सगळं कंपन्यांचं रोल खपवायचं तंत्र आहे. माझा अनुभव मृदगंध यांच्या यजमानांच्या बाजूचा आहे. युरोप फिरून आलो आणि माझ्या डिजिटल कॅमेऱ्यात लाल-निळे ठिपके यायला लागले. आधी नव्हते. एक्स-रेशिवाय दुसरं काय झालं असणार?

क्षकिरण
धूमकेतू, मी सोलापूरला एका रुग्णालयात रेडिओग्राफर आहे, रोज हेच खाते. ठिपके खरे असतील, कारण चुकीचं धरलंय तुम्ही.

जुन्या बॅगेच्या मशीनमधून एका फेरीत वस्तूला मिळणारा डोस साधारण एक मिलिरॅड (किरणांचा डोस मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी. सेन्सर आणि मेमरी कार्डातलं सिलिकॉन बिघडायला याच्या कितीतरी हजार पट डोस लागतो. आमच्या विभागात डिजिटल डिटेक्टरवर रोज शेकडो एक्स-रे पडतात आणि ते वर्षानुवर्षं चालतात. सीटी मशीनमध्ये डोस जास्त असला तरी कॅमेऱ्याच्या सेन्सरसाठी तो किरकोळच.

मग ठिपके कुठून आले? सेन्सर जुना होतो तसे हॉट पिक्सेल, म्हणजे उजेड नसतानाही चमकणारे ठिपके, वाढतात, लांब एक्स्पोजरमध्ये आणि उकाड्यात जास्त दिसतात. वैश्विक किरणांनीही ते होतात. अंतराळ स्थानकावरच्या कॅमेऱ्यांना हा त्रास इतका होतो की ठरावीक काळाने कॅमेरे बदलावे लागतात. विमान उंचावर असताना तुम्हालाही वैश्विक किरणं मिळत असतातच, तासाला साधारण ३ ते ५ मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे आठ-नऊ तासांच्या प्रवासात छातीच्या एका एक्स-रेइतका किंवा थोडा जास्त डोस. तेव्हा सेन्सरच्या नावाने गळा काढायचाच असेल तर आकाशाच्या नावाने काढा, बिचाऱ्या पट्ट्याच्या मशीनच्या नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत पिक्सेल मॅपिंग (बिघडलेले ठिपके शोधून झाकण्याची सोय) असेल तर एकदा चालवून बघा, बरेच ठिपके जातात.

टवाळखोर
'रोज हेच खाते' वाचून सोलापूरची शेंगा चटणी डोळ्यांपुढून गेली आणि तिच्यावर क्ष-किरण पडले.

धूमकेतू_२
@क्षकिरण, पिक्सेल मॅपिंग चालवलं. बरेच ठिपके गेले. पण माझं मत कायम.

टवाळखोर
धाग्याला खरा मराठी माणूस भेटला.

निवृत्त_मास्तर
क्षकिरणताई, एक शंका. विमानातच एवढे किरण मिळत असतील तर मशीनमधून एक फेरी जास्त झाली म्हणून फिल्मचं काय मोठं बिघडतं? हिशेब जुळत नाही.

क्षकिरण
मास्तर, प्रश्न बरोबर जागी लागलाय. माणसाच्या शरीराचा हिशेब आणि फिल्मचा हिशेब एक नाही. फिल्मवर सिल्व्हर हॅलाइडचे कण असतात. चांदी जड मूलद्रव्य आहे, ती कमी ऊर्जेचे क्ष-किरण झपाट्याने शोषते. बॅगेची मशीन साधारण १४० ते १६० किलोव्होल्टवर चालतात, त्यातल्या किरणांचा मोठा भाग चांदीच्या आवडीचा. विमानातले वैश्विक कण प्रचंड ऊर्जेचे, ते बहुतांशी आरपार जातात. म्हणून मायक्रोसिव्हर्टचे आकडे शेजारी मांडून फिल्मचा निर्णय करता येत नाही.

किरण शोषले गेले की त्या कणाला 'उजेड लागला' असंच वाटतं. रोल धुतल्यावर तो काळा होतो. जास्त स्पीडच्या फिल्ममध्ये कण मोठे, म्हणून ८००, १६००, ३२०० वर परिणाम आधी दिसतो. आणि हे साठत जातं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीत मिळवली जाते. दोन फेऱ्यांमध्ये महिना गेला म्हणून फिल्म विसरत नाही.

आमच्याकडे फिल्म होती तेव्हा एक्स-रे फिल्मचे खोके एक्स-रे खोलीत ठेवायला सक्त मनाई असायची, ती याच कारणाने. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू' छापाचे खोके पाहिलेत का कोणी?

निवृत्त_मास्तर
इंदू! शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कृष्णधवल फोटो सगळे इंदूवर. ताई, तुम्ही वय उघड केलंत.

क्षकिरण
खोके मी शिकाऊ असताना अडगळीत होते हो! 😀

सेल्युलॉइड
उशिरा आलो. मी कॅमेरा विभागात असिस्टंट म्हणून कामं केलीत, ३५ मिमीवर सुद्धा. तुमचे ३६ फोटोंचे रोल म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे ४०० फूट आणि १००० फुटांचे डबे असायचे आणि प्रत्येक डब्यात निर्मात्याचा जीव.

विमानतळावर आमची भीती एक्स-रेची कमी आणि उत्साही माणसाची जास्त. 'डबा उघडून दाखवा.' उघडला की दिवसभराचं शूटिंग संपलं. म्हणून सोबत चेंजिंग बॅग ठेवायची. काळी पिशवी, दोन बाह्या, आत हात घालून अंधारात डबा उघडता येतो. तपासणाऱ्याला म्हणायचं, साहेब, तुम्हीच हात घालून चाचपून बघा. आधी फोन, मग निर्मिती संस्थेचं पत्र, मग दोन तास आधी पोचणं, आणि मग चहा. या क्रमाने गेलं की बहुतेक वेळा काम व्हायचं.

एकदा नाही झालं. विमानतळाचं नाव घेत नाही. तिथल्या अधिकाऱ्याने सगळे डबे मशीनमधून नेले, दोनदा, कारण पहिल्यांदा पडद्यावर नुसते काळे गोल दिसले. ५०० स्पीडचा निगेटिव्ह होता. रात्रीच्या प्रसंगांतला काळा रंग राखाडी झाला, अंधारात दाणे नाचायला लागले. दिवसाचे प्रसंग मात्र ठीक निघाले. सगळा फोटो जातो असं नाही हो, सावल्या जातात. कॉन्ट्रास्ट मरतो.

इंद्रायणी
'पडद्यावर काळे गोल दिसले' यावरून आठवलं. शिशाच्या अस्तराच्या पिशव्या मिळतात ना रोलसाठी? त्या घेतल्या तर?

धूमकेतू_२
मी वापरतो. उत्तम.

रोल_३६
उत्तम नाही. पडद्यावर एक काळा ठोकळा दिसला की ऑपरेटर काय करेल? बॅग मागे घेऊन पुन्हा फिरवेल, नाहीतर उघडायला लावेल. उघडून हाताने बघितलं तर तुमचं नशीब. पुन्हा फिरवलं तर एकाऐवजी दोन फेऱ्या. आणि सीटीच्या किरणांपुढे पातळ शिशाची पिशवी किती टिकणार हाही प्रश्नच आहे.

मोपा_मार्गे
गोंयचो नमस्कार. माझ्या भाचीचा इन्स्टॅक्स आहे, गुलाबी, अर्ध्या घराचे फोटो फ्रिजवर. ती पुण्याला कॉलेजला असते, मोपाहून विमानाने ये-जा. इन्स्टॅक्सच्या पॅकलाही हे लागू का? की ती खेळण्यातली गोष्ट?

रोल_३६
लागू, उलट जास्तच. इन्स्टॅक्सची फिल्म ८०० स्पीडची. फुजीचाही सल्ला हाच आहे की पॅक चेक-इनमध्ये टाकू नका आणि हातातली तपासणी मागा. कॅमेऱ्यात भरलेला पॅकही फिल्मच आहे हे लोक विसरतात. लग्नात टेबलावर ठेवायच्या वापरून फेकायच्या कॅमेऱ्यांचंही तेच, त्यात ४०० किंवा ८०० ची फिल्म असते. भाचीने फ्रिजवर लावलेल्या फोटोंना मात्र काहीही होणार नाही.

धुतलेले निगेटिव्ह, छापलेले फोटो आणि बाहेर आलेला इन्स्टॅक्स यांना एक्स-रेचं भय नाही. धोका फक्त न धुतलेल्या फिल्मला, मग ती कोरी असो की फोटो काढून झालेली.

मोपा_मार्गे
देव बरें करूं.

अवांतर_प्रेमी
अवांतर आहे, पण राहवत नाही. फिल्म काळवंडण्यातून मोठमोठ्या गोष्टी उघड झाल्यात. १८९६ मध्ये बेकरेलने युरेनियमचे क्षार ठेवलेली फोटोची काच खणात ठेवून दिली, ऊन न लागताच ती काळवंडली आणि किरणोत्सर्ग हाती लागला.

दुसरी गोष्ट १९४५ ची. कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर बारीक काळे ठिपके येऊ लागले. त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन वेब मागे लागले. फिल्ममध्ये दोष नव्हता, तो निघाला पॅकिंगच्या पुठ्ठ्यात. इंडियानातल्या व्हिन्सेन्सच्या गिरणीत वाबाश नदीच्या पाण्याने तो पुठ्ठा बनत होता आणि त्यात न्यू मेक्सिकोतल्या जुलैच्या पहिल्या अणुचाचणीची धूळ उतरली होती. म्हणजे चाचणीची धूळ किती दूर गेली ते हजार मैलांवरच्या पुठ्ठ्याने दाखवून दिलं. नंतर नेवाडात चाचण्या सुरू झाल्यावर कोडॅकने तक्रार केली आणि १९५१ पासून अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग कंपनीला आधी कल्पना देऊ लागला. नागरिकांना नाही, फिल्म कंपनीला!

टवाळखोर
आता नवऱ्याला सांगा, युरोपात जाऊन फक्त विंडमिल बघायच्या, नदीच्या पाण्याने बनलेला पुठ्ठा घ्यायचा नाही.

सेल्युलॉइड
@अवांतर_प्रेमी, दंडवत. यावर स्वतंत्र धागा काढाच.

मृदगंध
सगळ्यांचे आभार, पण माझं डोकं आता फिल्मसारखं झालंय, सगळं साठतंय. सरळ सांगा, स्किफोलला हातातल्या तपासणीची विनंती केली तर ऐकतात का? आणि नाही ऐकलं तर?

आल्प्सवाला
रोल डब्यांतून काढून पारदर्शक झिप पिशवीत ठेवा, ती वेगळी हातात ठेवा, ट्रेमध्ये टाकू नका. मशीनजवळ पोचण्याआधी, गर्दी नसताना, हसून सांगा की फिल्म आहे, न धुतलेली आहे, हाताने बघाल का. ते पिशवीवर कापडी पट्टी फिरवून स्फोटकांची चाचणी करतात आणि परत देतात. कोडॅकने 'एक्स-रे करू नका' असे स्टिकरही काढलेत, ते लावले तर बोलणं सोपं जातं. अमेरिकेत टीएसए (तिथली विमानतळ सुरक्षा यंत्रणा) विनंतीनुसार हाताने तपासतं. बाकी ठिकाणी हा तुमचा हक्क नाही, त्या माणसाची मर्जी आहे. नाही म्हणाला तर वाद घालू नका, पुढे बाकीची रांग तिष्ठत असते आणि तो अधिकच कडक होतो.

पण तुम्हाला यापेक्षा सोपा मार्ग आहे. मुलगी तिथेच राहते ना? रोल तिथेच धुऊन घ्या. सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत) करणाऱ्या लॅब अ‍ॅमस्टरडॅममध्ये आहेत, एचपी५ त्यांना वेगळा कृष्णधवल म्हणून द्या. धुतलेले निगेटिव्ह घेऊन निर्धास्त परत या.

इंद्रायणी
+१. आणि कोरे रोलही तिथेच घेता येतील की. इथून न्यायचेच कशाला?

मृदगंध
आणून ठेवलेत हो! आणि मुंबईतलं मशीन २०० ला चालेल ना?

रोल_३६
जुनं असेल तर एका फेरीने गोल्ड २०० ला काही होणार नाही, एचपी५ ४०० लाही नाही. तरी विनंती करून बघा. आपल्याकडचे जवान ऐकतात, मात्र तरुण जवान असेल तर 'ये क्या है' पासून सुरुवात होते आणि रोल उलटा-सुलटा करून बघेपर्यंत मागचे लोक उसासे टाकतात. एचपी५ १६०० ला पुश करणार (१६०० चा समजून फोटो काढून जास्त वेळ धुणार) असाल तर तो १६०० चाच रोल समजायचा आणि हाताने तपासून घ्यायचाच. मध्ये कुठे विमान बदलणार असाल तर प्रत्येक तपासणी मोजत राहा. टीएसएच्या यादीतही पाचपेक्षा जास्त वेळा एक्स-रे झालेली फिल्म, स्पीड कुठलाही असो, हाताने तपासायची म्हणून दिली आहे.

सेल्युलॉइड
ताई, यापेक्षा एक महत्त्वाचं. याशिका माळ्यावरून आलाय ना? मागच्या झाकणाच्या कडेला फोमची पट्टी असते, ती एवढ्या वर्षांत चिकट डांबर होते आणि उजेड आत शिरतो. जायच्या आधी एक रोल इथेच काढून धुऊन घ्या. नाहीतर तिकडून आल्यावर फोटोच्या कडेला केशरी डाग दिसतील आणि सगळा दोष एक्स-रेवर जाईल. ओळखायचं असेल तर दोन फोटोंच्या मधली कोरी पट्टी बघा. उजेड शिरला असेल तर डाग छिद्रांच्या कडेकडून आत येतो. एक्स-रेचं असेल तर सगळीकडे धुरकटपणा किंवा रोलभर ठरावीक अंतराने येणारे पट्टे.

मृदगंध
अरे देवा. झाकण उघडून बघितलं, बोटाला काळं लागलं. फोम बदलून देणारं पुण्यात कोणी आहे का? आणि एक, बॅटरीच्या जागी हिरवा गंज आहे. दुकानदार म्हणतो ती बॅटरी आता बनतच नाही.

निवृत्त_मास्तर
ती ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी, पीएक्स ३२. खरंच बनत नाही. ४एलआर४४ घ्या, ६ व्होल्टची, आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग किंवा अ‍ॅडॅप्टर. इलेक्ट्रोचं मीटर तेवढ्या फरकाने रागावत नाही. गंज व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून पुसा, नंतर कोरडा करा. फोमची पट्टी तुम्ही स्वतः लावू शकता, तासाभराचं काम आहे. फोटो टाका, सांगतो.

टवाळखोर
मास्तर, तुम्ही विमानतळ बाहेरून पाहिलात पण कॅमेरा आतून पाहिलेला दिसतोय.

मृदगंध
फोटो टाकते उद्या, उजेडात. नवरा म्हणतोय डिजिटलने काढ, तो एक्स-रेतून जाणार नाहीये अजून.